बोरगाव ते पचमढी : टायर, हवा आणि ऊन

नागपूर–छिंदवाडा रस्त्यावरचे बोरगाव बाहेरच्यांना माहीत आहे ते रेमंडच्या कापड कारखान्यामुळे आणि औद्योगिक वसाहतीमुळे. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला आणि सौसर तालुक्याबरोबर बोरगावही त्यात गेले. इथल्या मोटरसायकलचा दिनक्रम ठरलेला असतो. पाळीला जायचे, सौसरच्या बाजारात जायचे, संत्र्याच्या बागेत चक्कर मारायची. मग नागपंचमीच्या सुमारास पचमढीजवळच्या नागद्वारीच्या यात्रेला किंवा महाशिवरात्रीला चौरागडाला जायचे ठरते आणि तीच गाडी दोन माणसे व सामान घेऊन पचमढीला निघते. सौसर, रामाकोना, सिल्लेवानीचा घाट, छिंदवाडा, परासिया, तामिया, देलाखारी, मटकुली असा हा सुमारे २०० किलोमीटरचा रस्ता आहे. निघण्यापूर्वी ऑइल बदलले जाते, चेन आवळली जाते, ब्रेक पाहिले जातात. टायरच्या वाट्याला मात्र अंगठ्याचा एक दाब येतो आणि 'हवा ठीक आहे' असा निकाल मिळतो. अंगठ्याला २४ आणि ३२ पाउंडांमधला फरक कळत नाही. टायरच्या बाबतीत मात्र साऱ्या प्रवासाचे गणित याच फरकावर उभे असते.

गाडीचा भार रबर उचलत नाही, आतली दाबलेली हवा उचलते. रबर आणि त्यातले नायलॉनचे धागे ही त्या हवेला धरून ठेवणारी पिशवी असते. हिशेब सोपा आहे. शंभर सीसीची साधी गाडी ११० किलोच्या आसपास भरते. दोन माणसांचे १३० आणि पिशव्यांचे १५ किलो धरले तर बेरीज २५५ होते. त्यातले साधारण १६० किलो मागच्या चाकावर येतात. मागे ३२ पाउंड हवा असेल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.२५ किलो दाब असेल, तर हा भार पेलायला ७१ चौरस सेंटिमीटर रबर रस्त्याला टेकावे लागते. ही जागा हाताच्या पंजाहूनही लहान आहे. हवा कमी झाली तरी भार तेवढाच राहतो. मग टायर जास्त चपटा होऊन जास्त जागा टेकवतो आणि त्यासाठी त्याची बाजूची भिंत जास्त वाकते. टायरच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ या वाकण्यात आहे.

१८ इंची चाकाच्या टायरचा घेर पावणेदोन मीटरहून थोडा जास्त असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने ते चाक सेकंदाला सुमारे ९ वेळा फिरते. म्हणजे टायरवरचा प्रत्येक ठिपका सेकंदाला नऊदा रस्त्यावर दबून वाकतो आणि नऊदा सरळ होतो. पचमढीला पोहोचेपर्यंत हे लाखभर वेळा घडते. रबर वाकताना जेवढी ऊर्जा घेते तेवढी सरळ होताना परत देत नाही, उरलेली उष्णता होऊन आतच राहते. रबर उष्णतेचे वाहकही फार मंद आहे, त्यामुळे आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. तापलेले नायलॉनचे धागे ताकद गमावतात आणि धागा व रबर यांची पकड ढिली होते. आधी बाजूच्या भिंतीवर किंवा नक्षीखाली फुगा येतो, मग थर सुटतो आणि शेवटी टायर फाटतो. टायर जास्त हवेने फुटला असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा तो कमी हवेने आधीच मेलेला असतो.

म्हणूनच उन्हाळ्यात टायरमधली हवा थोडी सोडण्याची आपल्याकडची रीत मला सर्वांत घातक वाटते. सौसर–पांढुर्ण्याच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, काळे डांबर त्याहून कितीतरी जास्त तापते. 'उन्हात हवा फुगते, म्हणून ती कमी ठेवावी' हे ऐकायला शहाणपणाचे वाटते. हवा फुगते हे खरेही आहे. सकाळी ३० अंशांना ३२ पाउंड भरलेली हवा टायर ७० अंशांपर्यंत तापला की सुमारे ३८ पाउंड दाखवते. ही सहा पाउंडांची वाढ टायर बनवणाऱ्याने आधीच हिशेबात धरलेली असते. धडधाकट टायरचे कवच त्यावर छापलेल्या कमाल दाबाच्या दुपटीहून अधिक दाब सोसते. आता कोणी छिंदवाड्याला थांबून त्या तापलेल्या टायरमधली हवा 'बरोबर ३२' वर आणली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये जेमतेम साडेसव्वीस पाउंड उरतील. ७१ चौरस सेंटिमीटरच्या जागी ८५ च्या वर रबर टेकेल, भिंत जास्त वाकेल, टायर जास्त तापेल, दाब पुन्हा चढेल, आणि गाडीवाला पुन्हा हवा सोडेल.

तेव्हा हवा थंड टायरमध्येच मोजायची. गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा फार तर एखाद-दोन किलोमीटर चाललेली असावी. आकडा टायरच्या भिंतीवरचा घ्यायचा नाही. तिथे छापलेला दाब कमाल भारासाठीचा असतो. गाडीचा आकडा मालकाच्या पुस्तिकेत असतो, पुष्कळ गाड्यांच्या चेनकव्हरवर किंवा मागच्या चाकाच्या दांडीवर स्टिकरही असते. त्यात एकट्यासाठी आणि दोघांसाठी मागच्या टायरचे आकडे वेगळे असतात. रोज एकट्याने पाळीला जाणाऱ्याची गाडी एकट्याच्या आकड्यावर असते आणि यात्रेलाही तशीच निघते. पेट्रोलपंपावरच्या मीटरवर फार विसंबू नये. खिशात मावणारे साधे गेज विकत घ्यावे आणि दर वेळी त्याच गेजने मोजावे. त्यात पाउंडभराची चूक असली तरी ती दर वेळी तेवढीच राहते. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजण्यात अर्थ नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि दुचाकीला त्यापलीकडचा फायदा जाणवत नाही. उंचीची काळजीही नको. पचमढी १,०६७ मीटर उंचीवर आहे, बोरगावहून सुमारे ७०० मीटर वर. वर बाहेरचा दाब कमी असल्याने गेज पाउंडभर जास्त दाखवते, पण थंडाव्याने आतली हवा जवळपास तेवढीच आकसते आणि काटा जागच्या जागी राहतो.

नवीन टायर घेताना दुकानदार माप विचारतो, नक्षी दाखवतो आणि किंमत सांगतो. टायरच्या भिंतीवर मापाच्या पुढे असलेले दोन अंक आणि एक इंग्रजी अक्षर मात्र कोणी वाचत नाही. जुन्या शंभर सीसी गाड्यांचे २.७५–१८ हे माप घ्या. पुढच्या टायरवर ४२ पी असते, मागच्यावर ४८ पी. माप एकच, पण ४२ हा भारांक १५० किलोंचा आहे आणि ४८ हा १८० किलोंचा. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग, त्याची आपल्याला चिंता नाही. आता वरचा हिशेब आठवा. दोघे आणि सामान असताना मागच्या चाकावर १६० किलो येतात. दुकानात ४८ चा टायर नसला आणि 'माप तेच आहे' म्हणून ४२ चा मागे चढवला, तर कागदावर कुठेही चूक दिसत नाही, पण टायर पहिल्या दिवसापासून दहा किलोंनी जास्त लादलेला असतो. खड्ड्यात आपटताना हा भार क्षणभर आणखी वाढतो. नव्या गाड्यांतल्या ८०/१००–१८ या मापातही पुढे ४७ आणि मागे ५४ असतो, म्हणजे १७५ आणि २१२ किलो. भारांक कंपनीने दिलेल्याइतका किंवा त्याहून वरचा चालतो, खालचा कधीच नाही.

जाड टायरचा सोस हा याचाच उलटा प्रकार. मागे रुंद टायर दिसायला भारदस्त वाटतो, म्हणून शंभर सीसीच्या अरुंद रिमवर मोठ्या गाडीचा टायर बसवतात. रिम अरुंद असली की टायरच्या कडा आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. सरळ रस्त्यावर मधली चिंचोळी पट्टीच टेकते. मायलेज घटते, एखाद्या गाडीत चेनकव्हर घासू लागते. हौसेला मोल नसते हे मान्य, पण ती हौस यात्रेच्या तोंडावर करू नये.

२००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानंतर टायरवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले आहे, तेव्हा ते नसलेला टायर हातात घेऊच नये. मग तारीख पाहावी. भिंतीवर लंबगोल चौकटीत चार अंक असतात. २३२४ असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. बुटीबोरीला सिएटचा दुचाकी टायरचा कारखाना आहे, पण कारखाना जवळ म्हणून गावातल्या दुकानातला टायर ताजा असेलच असे नाही. उन्हाच्या तोंडावर दाराशी टांगलेला टायर एकदाही न चालता म्हातारा होतो, कारण ऊन आणि हवेतला ओझोन त्याच्या भिंतीवर बारीक चिरा पाडतात. पाच वर्षे झालेला टायर नक्षी शिल्लक असली तरी दर वर्षी तपासून घ्यावा. चिरांत नख रुतू लागले तर तो लांबच्या वाटेचा राहिला नाही.

नक्षीची खोली किती हवी? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ९४ नुसार दुचाकीसाठी किमान ०.८ मिलिमीटर. खाचांच्या तळाशी बसवलेले छोटे उंचवटे नक्षीच्या पातळीला आले की ही मर्यादा गाठली गेली असे समजावे. कायद्याची ही शेवटची रेघ झाली. नागद्वारी श्रावणात असते, तामियाच्या पुढे ओला घाट असतो, तिथे ०.८ वर निघणे म्हणजे यात्रेच्या अर्ध्यातच टायर संपवणे. मी स्वतः दीड–दोन मिलिमीटरखाली टायर लांब नेत नाही. खोलीइतकाच आकारही पाहावा. नागपूरच्या सरळ रस्त्यावर रोज धावणाऱ्या गाडीचा मागचा टायर मधोमध झिजून चपटा होतो आणि दोन्ही बाजूंना कड उरते. सरळ चालताना काही कळत नाही. सिल्लेवानीच्या वळणावर गाडी कलली की ती त्या कडेवरून एकदम पडल्यासारखी वाटते. चालवणारा दचकून सरळ होतो आणि वळणाबाहेर जातो. नक्षी कायद्यात बसत असली तरी असा टायर घाटाचा नाही. पुढच्या टायरवर उंचसखल लाटा दिसल्या तर टायर बदलण्याआधी शॉकअप आणि हँडलचे बेअरिंग तपासावे, नाहीतर नवा टायरही तसाच होईल. काळ्या मातीच्या पाणंदीसाठी शेतकरी मोठ्या गठ्ठ्यांचा टायर पसंत करतात. चिखलात तो छान चालतो, ओल्या डांबरावर मात्र कमी रबर टेकल्याने घसरतो. ज्याला दोन्ही हवे त्याने मधला प्रकार निवडावा आणि वेग कमी ठेवावा.

ट्यूब की ट्यूबलेस हा प्रश्न बहुतेकांच्या हातात नसतो, कारण तो रिम ठरवते. आरे असलेल्या साध्या रिमला ट्यूब लागतेच. अशा गाडीत नवीन टायरबरोबर नवीन ट्यूब घ्यावी, जुनी ताणलेली ट्यूब आत चुणी पडून घासते. चाक उघडलेच आहे तर आऱ्यांच्या डोक्यांवरची रबरी पट्टीही पाहावी. ती सरकली किंवा कुजली की आऱ्याचे टोक आतून ट्यूबला भोक पाडते आणि दुकानदार बाहेर खिळा शोधत बसतो. वॉल्व तिरपा झालेला दिसला तर हवा बरेच दिवस कमी होती आणि टायर रिमवर सरकत होता असे खुशाल समजावे. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तरी हवा सावकाश जाते आणि चाक न काढता दुरुस्ती होते, हे त्याचे मोठे सुख.

नवा टायर निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बसवू नये. साच्यातून निघालेल्या रबराचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि पकड यायला शे-दीडशे किलोमीटर सबुरीने चालवावे लागते. आठवडाभर आधी बसवला तर हे अंतर रोजच्या कामातच निघून जाते, आणि बसवण्यात काही चूक राहिली असेल तर तीही घराजवळच कळते. बसवताना भिंतीवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने आहे ना, हे स्वतः पाहावे. चेन आवळताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात. चाक किंचित वाकडे बसले की टायर एका अंगाने झिजतो.

वाटेत छिंदवाडा आणि परासियापर्यंत पंक्चरची दुकाने भेटतात, तामियाच्या पुढे जंगल दाटते आणि ती विरळ होत जातात. म्हणून ट्यूबवाल्याने एक जास्तीची ट्यूब, चाक खोलण्याचे पाने, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि पायपंप बांधून घ्यावा, ट्यूबलेसवाल्याने रबरी दोरीचा संच आणि पंप. दोरी भरलेले भोक नक्षीच्या भागातच चालते. भिंतीला भोक पडले तर तो टायर तिथेच संपला. दोरी भरल्यावर वेग ताशी पन्नासच्या आत ठेवावा आणि पहिल्या मोठ्या गावात आतून ठिगळ लावून घ्यावे. हवा पूर्ण गेलेल्या टायरवर एखादा किलोमीटर जरी गाडी चालली असेल, तर ठिगळ लावण्याआधी तो उलटा करून आतला भाग बोटांनी चाचपावा. आत रबराची काळी भुकटी हाताला लागली तर भिंत आतून फाटली आहे. असा टायर बाहेरून नवा दिसला तरी परत बसवू नये.