चिखल्याचा दगड आणि समकक्षांचे शास्त्र

शास्त्रीय नियतकालिकात निबंध छापण्यापूर्वी तो त्याच विषयातील दोन-तीन जाणकारांकडे तपासणीस जातो. त्यांना समकक्ष म्हणतात. शब्द चांगला आहे. परंतु ज्या समाजात कोणी कोणाच्या पंगतीला बसावयाचे हेही जन्माने ठरत आले, तेथे कोण कोणाचा समकक्ष, हे विचारावेच लागते. तुमसर तालुक्यातील चिखला ही मँगनीजची जुनी खाण. तिच्या संदर्भात हा प्रश्न नुसता शब्दांचा उरत नाही.

1837 साली ग्लासगोत कूपर नावाच्या डॉक्टरने मँगनीजची काळी भुकटी दळणाऱ्या कामगारांचा आजार वैद्यकीय नियतकालिकात नोंदविला. पाय लुळे पडत, चालताना शरीर पुढे झुके, आवाज खोल जाई, तोंडातून लाळ गळे. ही नोंद विस्मरणात गेली. 1901 साली युरोपातील डॉक्टरांनी तो आजार पुन्हा 'शोधला'. नेमक्या त्याच सुमारास नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यात खाणी जोरात सुरू झाल्या होत्या, आणि धातू बोटींनी विलायतेला जात होता.

1909 साली फर्मोर या भूशास्त्रज्ञाचा भारतातील मँगनीज साठ्यांवरचा प्रचंड ग्रंथ सरकारने प्रसिद्ध केला. एका खनिजाला त्याने आपल्या वरिष्ठाचे, हॉलंडसाहेबाचे, नाव दिले होते: हॉलंडाईट. दगडालाही नाव मिळाले. डोक्यावर पाटी वाहणाऱ्या बाया मात्र मजुरांच्या बेरजेत मोजल्या गेल्या.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले, हे नाकारण्याचे कारण नाही. 1952 च्या खाण कायद्याखाली मँगनीजची विषबाधा कळविण्याजोगा रोग म्हणून त्याच वर्षी जाहीर झाली. 1958 साली नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली; 1974 पासून ती 'नीरी'. तिचे इंग्रजी नियतकालिक, आधी 'इंडियन जर्नल ऑफ एन्व्हायर्नमेंटल हेल्थ' आणि पुढे 'जर्नल ऑफ एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड इंजिनिअरिंग', पाणी, हवा आणि सांडपाणी यांवरचे संशोधन छापीत आले. भारतीय पाण्याचे, भारतीय धुळीचे मोजमाप भारतीयांनी करावे, ही गोष्ट लहान नव्हे. मोजमापाशिवाय मालकाशी भांडता येत नाही, हे कामगार चळवळीला चांगले ठाऊक आहे.

पण समकक्ष काय तपासतो? पद्धत, आकडा, निष्कर्ष. ज्याच्या छातीतून ती धूळ गेली, त्याला निबंध त्याच्या भाषेत वाचून दाखवावा, अशी अट त्या तपासणीत नसते. हात थरथरतो, पाय अडखळतो हे घरच्या बाईला आधी कळते. तिच्या सांगण्याला शास्त्रात स्थान मिळते ते एखाद्या डॉक्टराने लिहून घेतल्यावरच. आणि त्याने 'वय झाले', 'दारू पितो' म्हणून सोडून दिले, तर निबंधापर्यंत आणि नुकसानभरपाईपर्यंत काहीच पोहोचत नाही.

खाण कायद्याचे कलम 25 अशा वेळी 2025 पर्यंत दोघांना बांधीत होते: रोग झाल्याची खबर व्यवस्थापनाने द्यावयाची, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही मुख्य निरीक्षकाला स्वतंत्रपणे कळवावयाचे. चिखल्याच्या आसपासच्या एखाद्या शाळेत हे मराठीत फळ्यावर लिहावयाचे म्हटले तर चार ओळी पुरतील.