पाणचक्कीचा हौद

कालव्याचा हौद म्हटला कीं युरोपांतील कारखान्यांच्या शहरांविषयीं वाचलेल्या मनुष्याच्या डोळ्यांपुढें कोळशानें भरलेल्या नावा उभ्या राहतात. बर्मिंगहॅमची भरभराट अशाच नावांनीं झाली. दख्खनच्या पठारावर कालव्यानें माल वाहणें दूरच. त्यानें प्यावयास पाणी पोंचविलें तरी पुष्कळ. छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथील पाणचक्कीचा हौद ह्या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास खडकी येथें राजधानी वसविली आणि डोंगरांतलें पाणी जमिनीखालून गांवांत आणणारी नहर बांधविली. पुढें तशाच आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर त्यांपैकींच एक. बुखाऱ्याकडून आलेले सत्पुरुष बाबा शाह मुसाफिर ह्यांच्या दर्ग्याला लागून, पहिल्या निजामाच्या काळीं, म्हणजे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, ही चक्की चालू झाली.

मातीच्या बंद नळांतून आलेलें पाणी उंच भिंतीच्या माथ्यापर्यंत आपोआप चढतें, कारण उगम त्याहूनहि उंच आहे. तेथून तें खालीं कोसळतें, त्या जोरानें पात्यांचें चाक फिरतें आणि चाकाबरोबर जातें. फकीर, वाटसरू व गोरगरीब ह्यांच्यासाठीं येथें पीठ दळलें जाई. बैल नाहीं, सरपण नाहीं! ह्याच पाण्यानें १६४ फूट लांब व ३१ फूट रुंद असा हौद भरतो. हौदाच्या खालीं जाड खांबांवर उभारलेलें दालन आहे. त्याचें छत म्हणजेच हौदाचा तळ. मराठवाड्याच्या वैशाखांत ह्या गारव्याचें मोल काय, हें बीडकडच्या माणसास सांगावयास नको. जास्तीचें पाणी खाम नदीस मिळतें.

शहरांत १८८९ मध्यें कापसाची गिरणी निघाली. ती वाफेच्या युगांतली, तिला नहरीची गरज नव्हती. स्वातंत्र्यानंतर चिकलठाणा व वाळूज येथें मोठ्या उद्योगवसाहती झाल्या. त्यांची आणि वाढत्या वस्तीची तहान नहरींच्या आवांक्याबाहेरची होती. १९७६ मध्यें पैठणचें जायकवाडी धरण पुरें झालें, आणि त्याच जलाशयाचा उजवा कालवा बीड जिल्ह्यांतून माजलगांवाकडे गेला. नवें पाणी आलें तशी जुन्या नहरींकडे पाठ फिरली. वस्ती वाढली तसे नळ कोठें फुटले, कोठें बुजले. पाणचक्कीचें चाक मात्र आजहि त्याच डोंगरांतल्या पाण्यावर अवलंबून आहे.