तोफेच्या माऱ्यातील मोकळी जागा

इ. स. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या विजयाचे वर्णन आपल्या इतिहासग्रंथांतून पुष्कळ वेळा आलेले आहे. परंतु त्याच विजयाने मुंबई शहराच्या नकाशावर जी एक रेघ कायमची ओढली गेली, तिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. साष्टीत मराठ्यांचा अंमल बसला आणि माहीमच्या खाडीपलीकडे पेशव्यांचे निशाण दिसू लागले, तेव्हा मुंबईच्या कोटात बसलेल्या इंग्रज कंपनीच्या मनात जे भय शिरले, ते तिने एकीकडे वसईस कॅप्टन इंचबर्ड व साताऱ्यास शाहू महाराजांकडे कॅप्टन गॉर्डन अशी वकिली मंडळी पाठवून झाकले, आणि दुसरीकडे कोटाच्या भिंतीबाहेर खंदक खणण्यास हात घालून उघडही केले. या खंदकासाठी शहरातील व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपयांची वर्गणी दिली. एवढी खबरदारी घेऊनही भागेना. कारण भिंतीला लागून माडांच्या दाट वाड्या आणि घरे होती व त्यांच्या आडोशाने शत्रू थेट तटापर्यंत येईल, हे कोणाही गोलंदाजाला दिसत होते. तेव्हा माड तोडले गेले, घरे पाडली गेली, आणि तोफेचा गोळा अडथळ्याशिवाय जावा म्हणून कोटाभोवती एक पट्टा उजाड करण्यात आला. मुंबईतील जमिनीच्या वापराचे पहिले कडक बंधन ते हेच, असे म्हणण्यास हरकत नाही. आज ओव्हल, क्रॉस, आझाद व कूपरेज या चार मैदानांत जे काही हिरवे उरले आहे, ते या मनाईचे अवशेष होय.

मनाईचा हुकूम एकदा निघाला की त्याचे कारण संपले तरी तो वाढत राहतो, हा सरकारदरबारचा नेहमीचा अनुभव येथेही आला. भिंतीपासून मोकळ्या ठेवावयाच्या जागेचे अंतर पिढीगणिक वाढत गेले. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटात भयंकर आग लागली आणि उत्तरेकडील, म्हणजे हिंदी व्यापाऱ्यांच्या वस्तीचा, फार मोठा भाग भस्मसात झाला. त्यानंतर हे अंतर सुमारे आठशे यार्डांपर्यंत नेण्यात आले. ज्यांची घरे जळाली होती त्यांच्यापैकी पुष्कळांना या मैदानापलीकडे, लोक ज्याला बाहेरकोट म्हणत त्या भागात, जाऊन वसावे लागले. अशा रीतीने एका लष्करी नियमाने शहराचे दोन तुकडे पाडले: एक अपोलो, चर्च व बाजार या तीन दरवाजांच्या आत, आणि दुसरे पायधुणी-गिरगावकडे पसरत गेलेले. मधल्या भूमीवर पक्के बांधकाम करण्यास बंदी होती. म्हणून उन्हाळ्यात गोरे अधिकारी तेथे तंबू ठोकीत, बांबू-झावळ्यांचे बंगले उभारीत, आणि पावसाळा तोंडावर आला की ते मोडून पुन्हा कोटात परतत. शहराच्या मध्यभागी दरवर्षी उभी राहणारी आणि दरवर्षी नाहीशी होणारी ती वसाहत ज्या कायदेशीरपणाने नांदत होती, तो पाहून आजच्या अतिक्रमणविरोधी खात्यास थोडासा हेवाच वाटेल.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. ज्यांच्या भीतीने खंदक खणला गेला होता त्यांचे राज्यच राहिले नाही. तरीही भिंत, खंदक आणि तोफेचे मैदान पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षे जसेच्या तसे होते. १८६२ साली सर बार्टल फ्रियर गव्हर्नर होऊन आले, आणि त्यांच्या कारकिर्दीत तट पाडण्याच्या कामास खरी चालना मिळाली. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. जुनी मुंबई डोळ्यांदेखत मोडली जात असतानाच तिचे पहिले सविस्तर मराठी वर्णन लिहिले गेले, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. भिंत पाडण्याचे फारसे दुःख कोणास झाले असेल असे वाटत नाही. कोंदट गल्ल्या, रात्री मिटणारे दरवाजे आणि घाणीने भरलेला खंदक यांचा जाच कोटवासीयांनी दीर्घकाळ सोसला होता. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारापाशी या तटाचा एक लहानसा तुकडा तेवढा शिल्लक आहे.

भिंत गेली आणि अकस्मात सरकारच्या हाती शहरातील सर्वांत मोलाची भूमी आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव गगनाला भिडलेले, मुंबईत पैशाचा महापूर आलेला, आणि जो तो समुद्र भरून काढणाऱ्या कंपन्यांचे शेअर घेण्यास धावलेला, असा तो काळ होता. त्या वेळी एक गोष्ट मात्र शहाणपणाची झाली. पोलिस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांच्या सूचनेवरून कोटातील बाँबे ग्रीन या जुन्या मैदानाची जागा वर्तुळाकार आखण्यात आली आणि भोवतालचे भूखंड विकताना खरेदीदारांवर अशी अट घालण्यात आली की इमारतीचा दर्शनी भाग सर्वांनी एकाच नमुन्याचा, खाली कमानींच्या सलग पडवीसह, बांधावा. हेच एल्फिन्स्टन सर्कल, आजचे हॉर्निमन सर्कल. मिळकत खासगी, पण तिचा रस्त्याकडील चेहरा सार्वजनिक, ही कल्पना तेथे विक्रीच्या दस्तातच बसवलेली होती. आणि म्हणूनच ती टिकली. पुढे सव्वाशे वर्षांनी वारसाविषयक नियमावलीने जे साधण्याची खटपट केली, ते येथे भूखंड विकतानाच साधले होते.

मैदानाच्या पूर्व कडेने सरकारने आपल्यासाठी इमारतींची एक ओळ उभी केली: सचिवालय, विद्यापीठाचे सर गिल्बर्ट स्कॉट यांनी आखलेले पदवीदान सभागृह, १८७८ मध्ये पूर्ण झालेले उच्च न्यायालय, आणि प्रेमचंद रायचंद यांनी मातोश्रींच्या नावे दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा. या साऱ्यांची तोंडे पश्चिमेकडे, समुद्राच्या वाऱ्याकडे. त्या ओळीचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु तटबंदी मोडून जी हवा आणि जो प्रकाश मोकळा झाला, त्याचा पहिला वाटा कचेऱ्यांना मिळाला आणि बाहेरकोटातील दाट वस्तीच्या वाट्यास त्यातले फार थोडे आले, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध थांबले, शेअरबाजार कोसळला, बॅक बे भरण्यासाठी निघालेली कंपनी बुडाली, आणि समुद्र आणखी अर्धशतकभर आपल्या जागी राहिला.

नगरपालिकेचा या सर्वांतील भाग प्रारंभी दुय्यमच होता. १८६५च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर झाले; त्यांनी रस्ते, गटारे आणि आपल्या नावाची देखणी मंडई शहराला दिली, पण खर्चाचा हात इतका सैल ठेवला की करदात्यांनी चळवळ केली आणि १८७२ मध्ये नवा कायदा आणावा लागला. १८८८च्या कायद्याने आज चालू असलेल्या महापालिकेचा पाया घातला. तरीही मोठ्या जमिनीचे निर्णय करण्याचा अधिकार सरकारने तिच्या हाती पुरता कधी दिला नाही. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उद्भवला, तेव्हा वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्याचे काम नगरपालिकेकडे न सोपवता १८९८ मध्ये ‘सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ नावाचे वेगळे मंडळ निर्माण केले गेले. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे त्याचे रस्ते. दादर-माटुंग्याच्या हिंदू व पारशी वसाहती ही त्याचीच आखणी. समुद्राची हवा शहराच्या पोटात खेळावी हा त्यामागचा हेतू. पण ज्यांची घरे त्या हवेसाठी पाडली गेली ते नव्या वसाहतींत राहावयास गेले नाहीत. भाडे परवडेना, म्हणून ते शेजारच्या चाळीत आणखी दाटीने राहिले. १९३३ मध्ये ट्रस्टचा कारभार पालिकेत विलीन झाला. दरम्यान १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला, आणि देशातील अशा कायद्यांत तो पहिला ठरला.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात समुद्र भरण्याची योजना पुन्हा निघाली, या वेळी सरकारी खर्चाने. तीत चाललेल्या उधळपट्टीवर खुर्शेद नरिमन यांनी टीकेची झोड उठवली, त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. योजनेचे निम्मे भाग तसेच सोडून द्यावे लागले. परंतु जी भूमी तयार झाली तिच्यावर ओव्हलच्या पश्चिमेस १९३०नंतर गोलाईदार सज्जांच्या, एकसारख्या उंचीच्या घरांची दुसरी ओळ उभी राहिली. पूर्वेस गॉथिक मनोरे, पश्चिमेस आर्ट डेको घरे, आणि मध्ये तोफेसाठी मोकळे ठेवलेले मैदान. २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जो समूह मान्य केला, तो नेमका हाच व त्याला जोडून मरीन ड्राइव्हपर्यंतच्या इमारती, एकूण चौऱ्याण्णव. वास्तुशिल्पकारांची नावे मानपत्रात येतात. गोलंदाजांची येत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या जुन्या इमारतींच्या नशिबावर सर्वांत खोल परिणाम करणारा कायदा नगररचनेचा नव्हता, तर भाड्याचा होता. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठवली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देणे हे त्याचे उद्दिष्ट निःसंशय न्याय्य होते. पण काळ पुढे गेला, दुरुस्तीचा खर्च वाढला, भाडे मात्र तेथेच राहिले. मालकाने भिंतीकडे पाहणे सोडले, आणि पगडी देऊन खोली घेतलेल्या भाडेकऱ्यास भिंत आपली आहे असे कधी वाटले नाही. पावसाळ्यात घरे कोसळू लागली तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ स्थापून उपकर बसवण्यात आला. अशा उपकरप्राप्त इमारती एकोणीस हजारांहून अधिक निघाल्या. त्या पाडून नव्या बांधणाऱ्यास वाढीव चटईक्षेत्र देण्याची सवलत पुढे आली, आणि जुनी इमारत ही जपण्याऐवजी पाडण्याने लाभ देणारी वस्तू होऊन बसली.

या पार्श्वभूमीवर एप्रिल १९९५मध्ये मुंबईत वारसा इमारतींसाठी विकास नियंत्रण नियमावलीत कलम ६७ आले. सहाशेहून अधिक इमारती व परिसर सूचीत आले, त्यांच्या तीन श्रेणी ठरल्या, सल्ल्यासाठी समिती नेमली गेली, आणि पालिका आयुक्तांच्या अनुमतीवाचून त्यांत फेरफार करण्यास बंदी झाली. देशात अशी तरतूद करणारे हे पहिले शहर. पेशव्यांच्या भयाने घातलेल्या मनाईनंतर अडीचशे वर्षांनी शहराने स्वतःस पुन्हा एक मनाई घालून घेतली. या खेपेस घरे पाडण्यासाठी नव्हे, राखण्यासाठी. परंतु पहिल्या मनाईमागे तोफखाना होता, दुसरीमागे केवळ समितीचे अभिप्राय. तिसऱ्या श्रेणीतील उपकरप्राप्त इमारतींना पुनर्विकासासाठी त्या समितीच्या अनुमतीतून सूटही मिळाली, म्हणजे ज्यांची पडझड सर्वांत अधिक त्यांनाच छत्र राहिले नाही.

भूमीच्या बाबतीत शहराला १८६२ सारखी संधी दुसऱ्यांदा आली ती गिरणगावात. १९८२च्या संपानंतर कापडगिरण्या बंद पडत गेल्या आणि शहराच्या मध्यभागी सुमारे सहाशे एकर जमीन रिकामी होऊ लागली. १९९१च्या नियमावलीतील कलम ५८ प्रमाणे अशी जमीन विकासास काढताना एक तृतीयांश पालिकेस मोकळ्या जागेसाठी, साधारण तितकीच परवडणाऱ्या घरांसाठी, आणि उरलेली मालकाकडे अशी वाटणी होती. २००१ मध्ये शासनाने दुरुस्ती केली, आणि वाटणी संपूर्ण भूमीची न होता ज्या जागेवर बांधकाम नव्हते तेवढ्याचीच होऊ लागली. गिरणीच्या आवारात शेड, गोदामे आणि खाती यांनी बहुतेक जागा व्यापलेली. तेव्हा सार्वजनिक वाटा किती आक्रसला हे सांगण्यास गणित नको. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निर्णय दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. फ्रियरच्या सरकारविरुद्ध कितीही आक्षेप असोत, त्याने आपल्या हाती आलेल्या मैदानाचा मोठा भाग तरी राखला. आपल्या लोकनियुक्त सरकारने तेवढेही केले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या मैदानाच्या कडेच्याच एका इमारतीची हकीकत. १८६४ मध्ये तेथील भूखंड लिलावात निघाले, तेव्हा जॉन वॉटसन या व्यापाऱ्याने एक घेतला आणि रोलंड ऑर्डिश यांच्या आराखड्याप्रमाणे इंग्लंडात ओतलेले लोखंडी खांब व तुळया जहाजाने आणून त्यावर हॉटेल उभे केले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे हिंदुस्थानात प्रथम येथेच दाखवली गेली. पुढे हॉटेल बंद पडले, खोल्यांचे तुकडे झाले, न्यायालये जवळ असल्याने वकिलांची कार्यालये आली, आणि एस्प्लनेड मॅन्शन या नावाने ती उपकरप्राप्त, भाडेनियंत्रित व वरच्या श्रेणीतील वारसा अशी एकाच वेळी तिन्ही कायद्यांखाली राहिली. २००५ मध्ये तिचा काही भाग ढासळला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयापुढे प्रकरण गेल्यावर ती रिकामी करण्यात आली. तंत्रज्ञांच्या एका अहवालाने ती दुरुस्तीपलीकडे गेली असे म्हटले, तर वास्तुजतन करणाऱ्यांनी ती वाचवता येईल असे सांगितले. फेरफाराची अनुमती द्यावयाची आयुक्तांनी, दुरुस्ती करावयाची मंडळाने, पण मंडळाच्या खर्चाला चौरस मीटरमागे ठरलेली मर्यादा. त्या मर्यादेपलीकडचा भार मालकावर, ज्याच्या हाती गोठलेले भाडे, किंवा भाडेकऱ्यांवर, ज्यांना आता तेथे पाऊल ठेवता येत नाही.