अडचणीतले घर, सावकाराचे खत

१/ अडचणीतील मालमत्ता हेरून स्वस्तात घेणे, हा आज गुंतवणुकीचा एक मार्ग मानला जातो. पाटणसह साऱ्या सातारा मुलखाला हा व्यवहार दीडशे वर्षांपूर्वीपासून परिचित आहे. मात्र तेव्हा मालमत्ता हेरणारा आणि ती अडचणीत आणणारा बहुधा एकच असे: सावकार.

२/ १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. पूर्वी वसुली करताना सावकाराला गावाची मर्जी सांभाळावी लागे. आता त्याच्या पाठीशी दिवाणी न्यायालय उभे राहिले.

३/ १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखताला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता, परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहिले जाऊ लागले.

४/ अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) दख्खनमध्ये कापूस तेजीत आला, तेव्हा कर्ज सहज मिळे. युद्ध संपले, भाव कोसळले आणि तगादे सुरू झाले.

५/ निरक्षर शेतकरी न्यायालयात हजर राहत नसे. निकाल एकतर्फी लागे, जप्ती येई, लिलाव पुकारला जाई. बोली लावणारा अनेकदा सावकारच असे. कालचा मालक आपल्याच शेतात कूळ म्हणून राबू लागे.

६/ १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला. सप्टेंबरमध्ये त्याची ठिणगी पाटणच्या दक्षिणेस, वारणा खोऱ्यातील कोकरूडला पडली. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. लोकांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. घर कागदाने जाते, हे त्यांनी ओळखले होते.

७/ १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यामुळे खतावरील आकड्यामागे जाऊन मूळ कर्ज किती होते, हे न्यायाधीशाला तपासता येऊ लागले. कर्जापायी होणारी कैदही बंद झाली.

८/ तोच विचार महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात दिसतो. अवैध सावकाराने कर्जापोटी बळकावलेली मालमत्ता, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतील असल्यास, चौकशीअंती मूळ मालकाला परत देता येते.

९/ म्हणून स्वस्त घर दिसले की किमतीआधी एक प्रश्न विचारावा: ते अडचणीत कोणी आणले?

(समाप्त)