इंजिन फ्लश करू का, भाऊ?

आजचा विषय थेट गॅरेजमधला. जळगाव असो की धुळे, सेकंड हँड गाडी घेतली आणि पहिल्यांदा ऑइल बदलायला नेली, की मिस्त्री विचारतोच, "भाऊ, इंजिन फ्लश करून टाकू का?" हो म्हणायचं की नाही? उत्तर इतिहासात आहे.

इंजिनच्या ब्लॉकमध्ये बारीक वाटा असतात. त्यांना म्हणतात ऑइल गॅलरी. पंप खालच्या चेंबरमधून ऑइल खेचतो आणि फिल्टरमार्गे या वाटांनी क्रँकच्या बेअरिंगपर्यंत अन् वर हेडपर्यंत पोचवतो. वाट तुंबली की बेअरिंग कोरडं पडतं आणि इंजिन जाम. रोज काळी-पिवळी चालवणाऱ्यासाठी तर तो थेट पोटावरच पाय!

सुरुवातीचं इंजिन ऑइल म्हणजे निव्वळ खनिज तेल. काजळी धरून ठेवायची ताकद त्यात नव्हती. ती खाली बसायची, तिचा गाळ व्हायचा. १९३१ पासून कॅटरपिलरचे डिझेल ट्रॅक्टर आले आणि पिस्टनच्या रिंगा चिकटायला लागल्या. त्यावर १९३५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने 'डेलो' आणलं. त्यात घाण धुणारी रसायनं होती. हेच डिटर्जंट ऑइल. आज आपल्या गाडीत पडतं ते याच घराण्यातलं. काजळी ते स्वतःत धरून ठेवतं, म्हणूनच काळं पडतं. काळं ऑइल म्हणजे काम करणारं ऑइल!

म्हणजे वेळेवर ऑइल बदललं, की दर वेळी फ्लश होतोच. रॉकेल किंवा डिझेल टाकून इंजिन धुवायची गरज साध्या तेलाच्या जमान्यातली. आता ते टाळा, कारण त्याने ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगवरचा थर जातो.

मग गाळाचा प्रश्न मिटला का? नाही. २००२ मध्ये टोयोटाला अमेरिकेत ३० लाखांहून जास्त गाड्यांच्या मालकांना गाळाबद्दल कळवावं लागलं होतं. आपल्याकडे तर भुसावळ-जळगावचा मे महिना, ४५ अंश, वर कापसाच्या रस्त्यांची धूळ. त्यात ऑइल बदलायची तारीख चुकली, की गाळ धरलाच समजा.

ठरवायचं कसं? ऑइल भरायचं झाकण उघडून टॉर्च मारा. आत तपकिरी पातळ थर असेल, तर फक्त ऑइल आणि फिल्टर बदला, पुढचं ऑइल थोडं लवकर बदला. गाडीच्या कंपनीची मनाई नसेल तरच फ्लश, तोही डब्यावर लिहिलेली मिनिटं इंजिन उभ्या गाडीत चालवून. मग गरम ऑइल काढायचं, फिल्टर नवा. आणि आत डांबरासारखा जाड काळा थर असेल तर? तेव्हा फ्लश बिलकुल नको. सुटलेले तुकडे पंपाच्या जाळीत अडकतात आणि ऑइल वर चढतच नाही. चेंबर खोलून हाताने साफ करून घ्या. गॅलरीचे प्लग काढून ब्रश आणि हवा मारायची वेळ म्हणजे पूर्ण इंजिन काम.

तेव्हा मिस्त्रीने विचारलं की म्हणा, "आधी झाकण उघडून दाखवा." भेटू पुढच्या भागात!