खिळ्यांच्या केसपासून फॉन्टच्या फाइलीपर्यंत

‘किर्लोस्करवाडी’ हा शब्द संगणकात १४ संकेतांनी साठवला जातो. साठवताना ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर. पडद्यावर मात्र वेलांटी आधी येते. ‘र्’ साठवला जातो ‘ल’च्या आधी, दिसतो ‘लो’च्या डोक्यावर रफार होऊन. सांगली-साताऱ्यातील छपाईचा इतिहास धुंडाळताना मला प्रश्न पडला : ही हलवाहलव करतो कोण?

पूर्वी ती जुळारी करी. १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ मासिक निघू लागले. त्याच काळात औंधला पं. सातवळेकरांचे स्वाध्याय मंडळ वैदिक ग्रंथ छापत होते. तेथे तर अक्षराखाली अनुदात्ताची रेघ, वर स्वरिताची. कोणता खिळा कुठे बसतो, हे सारे जुळाऱ्याच्या डोक्यात आणि बोटांत असे.

संगणकावरील सुरुवातीच्या अनेक मराठी फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले होते. एका गावाचा नव्वदच्या दशकात टंकलेला इतिहास माझ्याकडे आला, तो रोमन अक्षरांचा निरर्थक सडा होऊन. फॉन्ट हरवला होता. छापील प्रत हाती होती, म्हणून तुकड्यांचा तक्ता करून मजकूर सोडवता आला.

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, १९९६ साली ओपनटाइप जाहीर झाले, आणि जुळाऱ्याचे नियम फॉन्टमधील कोष्टकांत शिरले. ‘र’, हलन्त, ‘य’ आले तर रफार द्या, म्हणजे ‘दर्या’. ‘ऱ’ असेल तर आडवा अर्धा र, म्हणजे ‘दऱ्या’. अक्षरे जुळवणारा प्रोग्राम ही कोष्टके एकामागून एक चालवतो. एकाचे उत्तर पुढच्याच्या हाती जाते.

अशी जर-तरची साखळी म्हणजे गणनच. ट्रूटाइप फॉन्टांत तर १९९१पासूनच अक्षरांच्या कडा नीट बसवण्यासाठी अटी आणि फेरे असलेली छोटी आज्ञाभाषा आहे. २०२४ साली, हार्फबझ या जुळणी-प्रोग्रामची एक प्रायोगिक सोय वापरून, फॉन्टच्या फाइलीत लहानसे भाषा-प्रारूप बसवले गेले. मजकूर टंकला की फॉन्टच गोष्ट पुढे नेतो!

म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने फॉन्टला केवळ सजावट समजू नये. तोही दस्तऐवज आहे. आपल्या भागातील छापखान्यांच्या जुन्या संगणकांत असे फॉन्ट अजून पडून असतील. ते संगणक भंगारात देण्यापूर्वी मजकुराबरोबर फॉन्टचीही प्रत काढून ठेवा. नव्वदच्या दशकातील कितीतरी गावांचा इतिहास वाचण्याची किल्ली तीच आहे.