बदली कामगार आणि अकरा महिन्यांचं घर

'बदली' म्हटलं की आपल्याला तलाठ्याची किंवा बँकेतल्या काकांची ट्रान्सफर आठवते. शंभर वर्षांपूर्वी परळ-लालबागच्या गिरणगावात मात्र बदली म्हणजे एक माणूस असायचा. कायम कामगाराचा खाडा पडला की त्या दिवसापुरता त्याच्या जागी उभा राहणारा. पाळी सुरू होण्याआधी त्याने गिरणीच्या दारात जायचं आणि मुकादम आपल्याला आत घेतो का ते पाहायचं. घेतलं तर त्या दिवसाचा रोज मिळाला, नाहीतर परत खोलीवर.

आपल्या पिढीला एक गोष्ट सतत ऐकवली जाते. आईवडिलांच्या काळात नोकऱ्या पक्क्या होत्या, कंत्राट, गिग, अ‍ॅपवरचं काम हे सगळं आत्ताचं. मी बॅकएंडवर काम करतो. कोणती ऑर्डर कोणाला द्यायची हे ठरवणारा कोड कसा लिहितात ते मला माहीत आहे. बदली कामगारांबद्दल वाचायला लागलो तेव्हा हे चित्र फारच ओळखीचं वाटलं. मुंबई उभी राहिली तीच मुळात कच्च्या नोकरीवर.

कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत पहिली कापड गिरणी काढली. पुढे गिरण्या वाढल्या आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून तरुण पोरं येत राहिली. बाजारात मागणी कमीजास्त व्हायची, माणसं पेरणीला आणि शिमग्याला गावी जायची. मालकांना दारात जास्तीची माणसं उभी असलेली सोयीची होती, कारण न बोलावलेल्या माणसाचा खर्च शून्य. कोणाला आत घ्यायचं हे मुकादमाच्या हातात. तो कामाच्या बदल्यात पैसे घेतो, हे 1931 च्या रॉयल कमिशनच्या अहवालातही नोंदलं गेलं. 1935 मध्ये गिरणीमालक संघाने बदली कार्डांची पद्धत आणली. ठरावीक माणसांना महिन्याच्या सुरुवातीला कार्ड द्यायचं आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. नोकरी त्यानेही पक्की झाली नाही, पण निदान आपण कामगार आहोत याचा एक कागद हातात आला.

आता प्रश्न असा, की महिन्यात किती दिवस काम मिळेल हेच माहीत नसलेला माणूस घरभाडं कसं भरणार? सरकारने 1920 च्या दशकात बीडीडी चाळी बांधल्या. 207 इमारती, 160 चौरस फुटांची एकेक खोली. त्यातल्या कितीतरी खोल्या सुरुवातीला रिकाम्या राहिल्या. ठरलेलं भाडं भरायला ठरलेला पगार लागतो, आणि तो या माणसांकडे नव्हता.

उत्तर गावाने काढलं. गावकरी मंडळ चाळीत एक खोली भाड्याने घ्यायचं. तिला गाळा म्हणत. एका गाळ्यात वीस-तीस पुरुष. प्रत्येकाची एक ट्रंक, कपड्यांना एक खिळा, महिन्याची थोडी वर्गणी. रात्रपाळीवाला येऊन आडवा व्हायचा तेव्हा दिवसपाळीवाला उठून गेलेला असायचा. जेवण खानावळीत. त्या खानावळी बहुतेक बायकाच चालवत आणि महिनाभर उधारीवर जेवू घालत. पगार लांबला की बाजारहाटासाठी सावकाराचं व्याज त्या भरत. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. म्हणजे गिरणीने टाळलेली जोखीम अखेर कोणाच्या चुलीपाशी येऊन पोचायची, ते बघा.

या आधाराला भिंतीही होत्या. गाळ्यात शिरायला गाव लागायचं, आणि गावाबरोबर जातही यायची. दलित कामगारांना बरा पगार असलेल्या विणकाम खात्यात घेतलंच जात नसे. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांना ही मागणी वेगळी लावून धरावी लागली. त्यामुळे 'पूर्वी माणुसकी होती' असं म्हणून मोकळं होता येत नाही. माणुसकी होती, पण ती ओळखीच्यांपुरती.

कायद्याचं काय? तोही आला. भाडेनियंत्रण 1918 मध्ये प्रथम आलं, मग 1947 च्या कायद्याने भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकली. जो आत होता तो वाचला. नव्याने येणाऱ्याला पागडी मोजावी लागली. 1973 मध्ये सरकारने, त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला जे लायसन्सवर राहत होते, त्यांना भाडेकरूचं संरक्षण दिलं. नंतर आलेल्यांना नाही. ते लिव्ह अँड लायसन्सवरच राहिले. आपले सगळे याच रांगेतले.

अकराच महिने का? 1908 च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून एक महिना कमी. गंमत म्हणजे महाराष्ट्रात 1999 च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुदत कितीही असो, लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी सक्तीची केली. कारण संपलं, अकरा उरले. आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. का लिहिलंय ते कोणालाच आठवत नाही, पण काढायला कोणी धजत नाही.

नोकरीतला असाच आकडा 240. औद्योगिक विवाद कायद्यात 1953 च्या दुरुस्तीने वर्षात 240 दिवस काम केलेल्याची सेवा सलग धरली. काम नसताना बसवून ठेवलं, तर अशा बदलीलाही भरपाईचा हक्क मिळाला. मग अनेक ठिकाणी मालक काय करू लागले? 240 भरायच्या आत ब्रेक. माणसाला वर चढण्यासाठी आखलेली रेघ त्याला खाली ठेवायला वापरली गेली. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढीबरोबर बदल्यांना कायम करा, हीही मागणी होती. संप फसला, पुढे गिरण्या गेल्या, जमिनींवर टॉवर आले. ती मागणी मात्र कोणी पूर्णही केली नाही आणि खोडलीही नाही.

आज पुण्यात किंवा ठाण्यात डिलिव्हरी करणारा पोरगा सकाळी लॉगिन करून ऑर्डरची वाट बघतो, तेव्हा तो गिरणीच्या दारातच उभा असतो. फरक इतकाच, की त्याच्यामागे बहुतेक वेळा गाळा नसतो. पीजीच्या कॉटचं भाडं एक तारखेला द्यावंच लागतं, मग महिन्यात काम किती का मिळेना.

दुसरा फरक मला जास्त खटकतो. बदलीवाल्याच्या हातात कार्ड होतं. आज प्रत्येक लॉगिनची वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली असते, पण ती नोंद सर्व्हरवर असते आणि सर्व्हर कंपनीचा. आपण किती दिवस राबलो हे त्या पोराला स्वतःला सिद्ध करता येत नाही. राजस्थानने 2023 मध्ये देशात पहिल्यांदा गिग कामगारांच्या नोंदणीचा कायदा केला, त्याचं महत्त्व इथे आहे. ही नोंद कामगाराच्या हातात देणं तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही. एका डाउनलोड बटणाचं काम आहे. ते बटण कोणीतरी मागितलं पाहिजे, आणि आमच्यासारख्यांनी ते मागणाऱ्यांच्या बाजूने बोललं पाहिजे.